खडक घडतो खोलवर, झिजतो उघड्यावर

कातळवेडा

शाळेच्या भूगोलात दोन धडे असतात. एकात पृथ्वीचं अंतरंग: भूकवच, प्रावरण, गाभा आणि सोबत ती कापलेल्या गोळ्याची रंगीत आकृती. दुसऱ्यात विदारण: कायिक, रासायनिक, जैविक. दोन्हींच्या मध्ये वारे, पर्जन्य, नद्या असं बरंच काही येऊन जातं आणि या दोन धड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं विद्यार्थ्याच्या मनातही येत नाही. मला हे फार खटकतं, कारण माझ्या मते हा एकच धडा आहे. खडक ज्या तापमानाला आणि ज्या दाबाखाली तयार होतो तिथे तो टिकून असतो. तिथून वर आला की दाब गेलेला, उष्णता गेलेली, वर पावसाचं पाणी आणि मोकळा प्राणवायू. या नव्या परिस्थितीत त्याची जुनी खनिजं टिकत नाहीत. ती मोडतात आणि इथे टिकतील अशी नवी खनिजं तयार होतात. विदारणाकडे असं पाहिलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. त्यासाठीच हा धागा.

आधी आतलं बघू. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किमी. खंडांखालचं भूकवच साधारण ३५ ते ४० किमी जाड, उंच पर्वतरांगांखाली ७० किमीपर्यंत, महासागरांखाली मात्र जेमतेम ६-७ किमी. त्याखाली २८९० किमी खोलीपर्यंत प्रावरण. पृथ्वीच्या घनफळाचा सुमारे ८४ टक्के भाग एकट्या प्रावरणाने व्यापलेला आहे. म्हणजे आपण ज्याला 'जमीन' समजतो तो खडक या ग्रहावर तसा दुर्मीळच. पुढे ५१५० किमीपर्यंत द्रवरूप बाह्य गाभा आणि सगळ्यात आत सुमारे १२२० किमी त्रिज्येचा घनरूप अंतर्गाभा. दोन्ही मुख्यतः लोखंडाचे, थोडं निकेल आणि काही हलकी मूलद्रव्यं मिसळलेले.

हे सगळं न बघता कळलं कसं, हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. १७९८ मध्ये कॅव्हेंडिशने शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजलं. त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या जवळजवळ साडेपाचपट निघाली. पायाखालचे नेहमीचे खडक पाण्याच्या पावणेतीनपट ते तिप्पट जड. तेव्हा आत फार जड असं काहीतरी आहे हे नक्की झालं. १८८९ मध्ये जपानमधल्या एका भूकंपाची थरथर जर्मनीत पोट्सडामच्या उपकरणावर उमटली आणि पृथ्वीच्या आरपार बघायचं साधन मिळालं. १९०६ मध्ये ओल्डहॅमने भूकंपलहरींवरूनच गाभ्याचं अस्तित्व दाखवलं. १९०९ मध्ये मोहोरोविचिचला क्रोएशियातल्या एका भूकंपाच्या नोंदींत एकाच जातीच्या लहरी दोनदा पोचलेल्या दिसल्या. एक तुकडी वरच्या मंद थरातून सरळ आलेली, दुसरी खालच्या वेगवान थरात शिरून, लांबचा रस्ता धरूनही आधी पोचलेली. तोच भूकवच आणि प्रावरण यांच्यातला सांधा. आणि १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी, लहरी पोचायलाच नकोत अशा छायेच्या पट्ट्यात उमटलेल्या क्षीण नोंदींचा अर्थ लावला आणि गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे मांडलं. त्यासाठी त्यांनी प्रामुख्याने १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी वापरल्या होत्या. इतक्या बारीक खुणांवरून एवढी मोठी गोष्ट ओळखायची, याला नजर लागते.

आता विदारण. शिलारस थंड होताना खनिजं एका ठरावीक क्रमाने गोठतात. ऑलिव्हिन सगळ्यात आधी, म्हणजे सगळ्यात जास्त तापमानाला. मग पायरॉक्सिन, अँफिबोल, काळा अभ्रक, आणि शेवटी पोटॅश फेल्डस्पार, पांढरा अभ्रक, क्वार्ट्झ. हा क्रम नॉर्मन बोवेनने प्रयोगशाळेत शोधला. १९३८ मध्ये सॅम्युएल गोल्डिकने खडक आणि त्यावरची माती यांची तुलना केली तेव्हा दिसलं की खनिजं कुजण्याचा क्रमही हाच आहे. ऑलिव्हिन सगळ्यात आधी जातं, क्वार्ट्झ सगळ्यात शेवटी उरतं. जो सगळ्यात तप्त परिस्थितीत जन्मला तो इथे सगळ्यात कमी टिकतो. आणि वरच्या प्रावरणात सगळ्यात जास्त असलेलं खनिज कुठलं? ऑलिव्हिन.

तुम्हाला काय वाटतं? आक्षेप आले तर जास्त आवडेल.

प्रश्नचिन्ह

छान विषय. एक प्राथमिक शंका. प्रावरण हे वितळलेल्या लाव्ह्याचं असतं ना? आकृतीत ते नेहमी लालभडक दाखवतात. मग 'प्रावरणाचा खडक' हा शब्दप्रयोग कसा? आणि ज्वालामुखीतून येतं ते काय?

लहरी

@प्रश्नचिन्ह, त्या लाल रंगाने पिढ्यानपिढ्या हा गैरसमज रुजवलाय. प्रावरण घन आहे. याचा पुरावा अगदी सरळ आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी पदार्थाला आडव्या हलवत पुढे जातात आणि द्रवातून त्या जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या २८९० किमीपर्यंत व्यवस्थित जातात आणि बाह्य गाभ्याच्या तोंडाशी थांबतात. प्राथमिक लहरींचा वेगही तिथे सेकंदाला जवळजवळ १४ किमीवरून ८ किमीवर घसरतो. द्रव सुरू होतो तो तिथे.

मग एवढी उष्णता असून ते वितळत का नाही? दाबामुळे. दाब वाढला की खडकाचा वितळणबिंदूही वाढतो. वितळण होतं ते काही ठरावीक ठिकाणीच. महासागराच्या मधल्या पर्वतरांगांखाली खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तापमान फारसं न वाढताही थोडा भाग वितळतो. दुसरं ठिकाण म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे. खाली जाणाऱ्या पट्टातून पाणी सुटतं आणि पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो. ज्वालामुखीतून येतो तो हा थोडा वितळलेला अंश. सगळं प्रावरण काही उकळत बसलेलं नाही.

घन असूनही ते वाहतं मात्र. हिमनदीतला बर्फ घन असतो आणि तरीही उतारावरून सरकतो, तसाच प्रकार. वेग वर्षाला काही सेंटीमीटर.

अजून एक. भूकवच म्हणजे भूपट्ट नव्हे. भूपट्टात भूकवच येतंच, शिवाय त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड, कडक भागही येतो. दोन्ही मिळून साधारण १०० किमी, जुन्या खंडांखाली त्याहून बरंच जास्त. भूकवच आणि प्रावरण हा फरक खडकाच्या घटकांचा आहे. शिलावरण (म्हणजे भूपट्टांचा हा कडक थर) आणि त्याखालचं मऊसर दुर्बलावरण हा फरक खडक किती कडक आहे याचा. आकृतीत दोन्ही विभागण्या एकावर एक काढतात आणि मुलं गोंधळतात.

खोलपाणी

आजवर माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. १९७० मध्ये सुरुवात, १९८९ मध्ये ही खोली गाठली. पृथ्वीच्या त्रिज्येच्या तुलनेत ०.२ टक्केसुद्धा नाही. तिथे तापमान १०० अंश असेल असा अंदाज होता, निघालं १८० अंश सेल्सिअस. त्या उष्णतेत खडक इतका लिबलिबीत वागू लागला की पुढे खोदणं अशक्य झालं.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. भूकंपलहरींवरून असं वाटत होतं की सुमारे ७ किमीखाली ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट लागेल. बेसॉल्ट लागलाच नाही. रूपांतरित, भेगाळलेला ग्रॅनाइटच निघाला, आणि त्या भेगांमध्ये पाणी होतं. तेव्हा लहरींचा वेग बदलला म्हणजे खडकाची जात बदलली असं दर वेळी धरून चालत नाही, हा धडा तिथून मिळाला.

मातीमाय

कातळवेडा यांचं सूत्र बेसॉल्टच्या एखाद्या कुजलेल्या कड्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे बघा. गोल गोल धोंडे दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. बाहेरचा पापुद्रा बोटाने चुरता येतो, पिवळट-तपकिरी असतो. आत जावं तसा रंग गडद होतो. मधला गोटा काढून हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो आणि आतून निळसर-काळा ताजा दगड निघतो. त्या ताज्या भागाच्या कडेला भिंग धरलं तर लालसर-तपकिरी ठिपके दिसतात. ते एकेकाळचं ऑलिव्हिन. शेजारचं पायरॉक्सिन अजून काळंच्या काळं, फेल्डस्पारच्या बारीक काड्या अजून चमकतायत, आणि ऑलिव्हिन मात्र गंजून गेलंय. गोल्डिकचा क्रम भिंगाखाली, अर्ध्या इंचात.

हे धोंडे गोल का होतात, हेही सांगते. नदीने घासून ते गोल झालेले नसतात, ते जागचे हललेलेच नसतात. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात आडव्या-उभ्या भेगा पडतात, त्यामुळे खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा हल्ला एकाच दिशेने होतो, कडेवर दोन दिशांनी, कोपऱ्यावर तीन दिशांनी. कोपरे सगळ्यात आधी कुजतात. जे उरतं ते गोल.

ग्रॅनाइटचं तंत्र जरा वेगळं. त्यात ऑलिव्हिन नसतं, तिथे पुढाकार घेतो काळा अभ्रक. पाणी शिरलं की त्याचे पदर फुगतात. रंग काळ्याचा सोनेरी-तपकिरी होतो आणि या फुगण्यानेच आजूबाजूचे कण एकमेकांपासून सुटतात. फेल्डस्पारची काचेसारखी झळाळी जाऊन तो दुधी, खडूसारखा होऊ लागतो. क्वार्ट्झला काहीच होत नाही. शेवटी खडक दिसायला ग्रॅनाइटसारखाच दिसतो, पण फावड्याने ओढता येतो. फेल्डस्पारची केओलिन माती होते, क्वार्ट्झची वाळू. जगातल्या बहुतेक समुद्रकिनाऱ्यांवर क्वार्ट्झच का सापडतो याचं उत्तर हेच आहे. बाकीचे वाटेतच गळाले.

वाळूचा कण

लेख आवडला, पण 'जितकं खोलचं तितकं लवकर झिजणारं' हे सूत्र मला मान्य नाही. हिऱ्याचं काय? बहुतेक हिरे १५० ते २०० किमी खोलीवर तयार होतात, म्हणजे चक्क प्रावरणात. पृष्ठभागावर कार्बनचं स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, हिरा नव्हे. तुमच्या हिशेबाने हिरा कधीच संपून जायला हवा होता. प्रत्यक्षात तो ज्या किंबर्लाइट खडकातून वर येतो तो खडक कुजून पिवळी माती होते आणि हिरा त्या मातीत जसाच्या तसा पडलेला सापडतो. एकाच खोलीवरून, एकाच वाटेने आलेले दोघे. एक काही काळात माती होतो, दुसऱ्यावर चरासुद्धा उमटत नाही.

कातळवेडा

@वाळूचा कण, फार मोलाचा आक्षेप. उत्तरही त्यातच आहे. पदार्थ अस्थिर असणं आणि तो किती वेगाने बदलतो, या दोन वेगळ्या गोष्टी. खोलीवरून फक्त पहिली कळते. हिरा इथे अस्थिर आहेच, पण त्याचे अणुबंध तोडायला लागणारी ऊर्जा पृष्ठभागाच्या तापमानाला मिळतच नाही. म्हणून तो अडकून पडतो.

ऑलिव्हिनचं उलट. त्यात सिलिकाचे चतुष्फलक (एक सिलिकॉन आणि भोवती चार ऑक्सिजन अशा चौकोनी विटा) एकमेकांना जोडलेलेच नसतात, मध्ये मॅग्नेशियम आणि लोखंडाचे अणू असतात. आम्लधर्मी पाण्याने ते अणू ओढून नेले की सगळी इमारत ढासळते. पायरॉक्सिनमध्ये चतुष्फलकांच्या साखळ्या असतात, अभ्रकात पत्रे, क्वार्ट्झमध्ये चारही बाजूंनी बांधलेली जाळी. जास्त तापमानाला गोठणारी सिलिकेट खनिजं बहुधा कमी जोडणीची असतात, म्हणून बोवेनचा आणि गोल्डिकचा क्रम जुळतो. तेव्हा सूत्र सिलिकेट खनिजांपुरतं धरा. भूकवच आणि प्रावरण जवळजवळ सगळंच सिलिकेटचं असल्यामुळे हे क्षेत्र काही लहान नाही.

तरीही मूळ मुद्दा उरतोच. अस्थिरता नसती तर वेगाचा प्रश्नच आला नसता.

रानवाटा

कायिक विदारणाबद्दल कुणी बोललंच नाही. वाळवंटात दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन खडक फुटतात हे आम्ही लहानपणापासून वाचलंय. त्याचा पृथ्वीच्या अंतरंगाशी काय संबंध?

लहरी

@रानवाटा, आधी ऊन-थंडीचं. डेव्हिड ग्रिग्जने १९३६ मध्ये ग्रॅनाइटचा तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि थंड केला. रोज एकदा धरलं तर हे २४४ वर्षांचं ऊन. खडकाला काहीही झालं नाही. मग थंड करताना पाणी वापरलं तर अडीच वर्षांइतक्या फेऱ्यांतच पृष्ठभागावर परिणाम दिसू लागला. त्यानंतर बराच काळ अनेकांनी निव्वळ उष्णतेचं विदारण जवळजवळ निकालातच काढलं होतं.

प्रयोगाला मर्यादा होत्या. तुकडा लहान होता, त्याला सगळीकडून फुगायला वाव होता. कड्याचा खडक चहूबाजूंनी जखडलेला असतो. कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या ग्रॅनाइट कड्यावर सुटू घातलेल्या एका पातळ पापुद्र्याच्या मागे मोजमापाची उपकरणं बसवली होती. तो पापुद्रा दिवसा उन्हाने बाहेर येतो आणि रात्री परत मागे जातो, सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत. अशा रोजच्या हालचालीने भेग हळूहळू पुढे सरकते. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ऊन खडक फोडत नाही असं म्हणता येणार नाही. ते आधीच पडलेली भेग वाढवतं.

आणि ती भेग आली कुठून? इथे अंतरंग येतं. ग्रॅनाइट समजा १० किमी खोलीवर गोठला असेल तर त्याच्यावर अडीच हजार वातावरणांहून जास्त दाब होता. वरचा खडक झिजून गेला, दाब उतरला, आणि ग्रॅनाइट वरच्या दिशेने प्रसरण पावला. पृष्ठभागाला समांतर अशा भेगा पडल्या. वरचे पापुद्रे पातळ, खोल जावं तसे जाड. मोठमोठे घुमटासारखे डोंगर यातूनच तयार होतात. पाणी, बर्फ, मुळं, मीठ, ऊन हे सगळे नंतर येतात आणि त्या भेगांत काम करतात.

रानवाटा

धन्यवाद, म्हणजे डोंगर झिजल्यामुळे खालचा खडक झिजायला तयार होतो, हे चक्र आहे तर. बर्फाचंही असंच काही आहे का? पाणी गोठून ९ टक्के फुगतं आणि दगड फुटतो, एवढंच माहीत होतं.

खोलपाणी

फुगतं हे खरं, पण ते पूर्ण कारण नाही. भेग एका टोकाला उघडी असेल तर फुगणारा बर्फ बाहेर सरकेल, दगड कशाला फोडेल? बर्फाचं मुख्य काम आणखी शांतपणे चालतं. खडकाच्या बारीक छिद्रांत शून्याखालीही पाण्याची पातळ फिल्म द्रवरूप राहते. आधीच तयार झालेला बर्फ आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि त्याची चकती वाढत जाते. त्यामुळे साधारण उणे ३ ते उणे ८ अंश हा टप्पा बऱ्याच खडकांना सगळ्यात घातक. त्याहून थंडीत पाणी सरकेनासं होतं. म्हणून नुसत्या गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्या मोजून विदारणाचा अंदाज बांधता येत नाही. त्या पट्ट्यात खडक किती वेळ राहिला आणि तेव्हा त्याला पाणी मिळत होतं का, हे बघावं लागतं.

मातीमाय

पाण्याचंच पुढे. लोकांना वाटतं उघडा कातळ जास्त झिजतो आणि मातीखालचा खडक सुरक्षित असतो. रासायनिक विदारणाच्या बाबतीत बहुतेकदा उलट असतं. उघड्या कातळावरून पाणी वाहून जातं, थोड्याच वेळात तो सुकतो. मातीखालचा खडक ओलाच राहतो. शिवाय मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वातावरणाच्या दसपट ते शंभरपट असू शकतं. त्यातून पाझरणारं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा जास्त आम्लधर्मी होतं. माती फारच जाड झाली तर मात्र पाणी खाली पोचेपर्यंत त्यातलं आम्ल वापरून संपलेलं असतं आणि वेग पुन्हा मंदावतो. उष्ण, दमट प्रदेशात जुन्या सपाट पठारांवर खडक कित्येक दहा मीटर खोलपर्यंत कुजलेला सापडतो.

दगडफुलाला विसरू नका. ते ऑक्झॅलिक आम्ल सोडतं आणि त्याचे धागे खनिजांच्या कणांमध्ये शिरतात.

प्रश्नचिन्ह

वाचतोय, फार काही नवीन कळतंय. मग काळाचा वाटा किती? खडक नुसता जुना झाला म्हणून झिजतो का?

कातळवेडा

@प्रश्नचिन्ह, याचं उत्तर चंद्रावरून आणलेल्या दगडांनी दिलंय. अपोलो मोहिमांनी ३८२ किलो नमुने आणले. त्यातले बरेच बेसॉल्ट ३ अब्ज वर्षांहून जुने आहेत. त्यांच्यातलं ऑलिव्हिन ताजं आहे! मातीमाय यांनी वर्णन केलेले तांबडे ठिपके त्यात नाहीत. चंद्रावर सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने दगडांचा चुरा होतो, पण पाणी नाही, मोकळा प्राणवायू नाही, त्यामुळे कुजणं नाही. वेळ कितीही गेला तरी पाण्याशिवाय ही खनिजं बदलत नाहीत.

दुसरं टोक ओमानमध्ये बघायला मिळतं. तिथे महासागराखालचा भूकवचाचा तुकडा, खालच्या प्रावरणासकट, जमिनीवर चढून बसलाय. प्रावरणाचा पेरिडोटाइट नावाचा खडक तिथे किलोमीटरच्या किलोमीटर उघडा पडलाय. पावसाचं पाणी त्यात मुरतं, ऑलिव्हिनशी अभिक्रिया होऊन हिरवट, साबणासारखं गुळगुळीत सर्पेंटाइन तयार होतं. ते पाणी पुन्हा झऱ्यातून बाहेर येतं तेव्हा इतकं अल्कधर्मी असतं की त्याचा सामू (pH) ११ च्या वर जातो. झऱ्याच्या डबक्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की पाण्यावर कॅल्साइटची पांढरी साय धरते, तळाशी पांढरा थर बसतो. खडकाच्या भेगाही अशाच पांढऱ्या कार्बोनेटने भरलेल्या आहेत. प्रावरणाचा खडक आपल्या हवेत आल्यावर काय होतं ते इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

याचा हवामानाशी थेट संबंध आहे. सिलिकेट खडक कुजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. पाण्यात सुटलेलं कॅल्शियम नदीतून समुद्रात जातं आणि तिथे शिंपल्यांचा, चुनखडीचा भाग होतं. पृथ्वी तापली की पाऊस आणि विदारण वाढतं, कार्बन डायऑक्साइड जास्त शोषला जातो. थंडावली की उलट, आणि ज्वालामुखी तो पुन्हा हवेत सोडत राहतात. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. हा तोल सावरायला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे आपण शंभर-दोनशे वर्षांत हवेत जे सोडलंय ते निस्तरायला तो आपल्या वेळेत येणार नाही. खडक दळून शेतात टाकून हा वेग वाढवता येईल का, यावर सध्या बरेच प्रयोग चालू आहेत.

वाळूचा कण

हिऱ्यावरून आठवलं, झिरकॉन हे खनिज त्याहून बोलका साक्षीदार आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकात त्याचे वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान स्फटिक असतात. खडक कुजतो, झिरकॉन राहतो. नदीतून वाहतो, वाळूत गाडला जातो, वालुकाश्म होतो, तो पुन्हा रूपांतरित होतो, तरी झिरकॉन राहतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये असे काही कण सापडले. त्यातल्या एकाचं वय ४.४ अब्ज वर्षं निघालं. पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज. ज्या खडकात तो जन्मला त्याचा मागमूस कुठेच उरलेला नाही.

आणि तिथल्या काही झिरकॉनमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण असं आहे की ज्या शिलारसातून ते गोठले, त्यात पृष्ठभागाजवळ पाण्याच्या संपर्कात येऊन बदललेला खडक मिसळलेला असावा. म्हणजे पृथ्वी अगदी तरुण असतानाच खडक पाण्यात कुजत होते आणि तो कुजका माल पुन्हा खाली जाऊन वितळत होता. विदारणाचा सगळ्यात जुना पुरावा विदारणाला दाद न देणाऱ्या खनिजात सापडावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रश्नचिन्ह

'पुन्हा खाली जाऊन वितळणं' हे आजही होतं का? म्हणजे आज कुजलेली माती परत प्रावरणात जाते याचा काही थेट पुरावा?

लहरी

@प्रश्नचिन्ह, आहे, आणि पक्का आहे. बेरिलियम-१० नावाचं किरणोत्सारी समस्थानिक वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतं. पावसाबरोबर खाली येतं, मातीच्या कणांना चिकटतं आणि समुद्रतळावरच्या गाळात साठतं. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे १४ लाख वर्षं. पृथ्वी जन्मली तेव्हाचं बेरिलियम-१० आत शिल्लक असणं शक्यच नाही.

तरीही १९८० च्या दशकात एका भूपट्टाखाली दुसरा जातो अशा ठिकाणच्या ज्वालामुखींच्या ताज्या लाव्ह्यात ते सापडलं. त्याचा दुसरा अर्थच निघत नाही. जमिनीवर कुजलेल्या खडकाचा गाळ समुद्रात गेला, भूपट्टाबरोबर १०० किमीच्या आसपास खोल उतरला, तिथल्या वितळणात सामील झाला आणि काही दशलक्ष वर्षांच्या आत लाव्हा होऊन वर आला. महासागराच्या मध्यावरच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यात असं बेरिलियम सापडत नाही, कारण तिथे गाळ खाली जातच नाही.

भूपट्ट खाली जातो अशा सगळ्याच ठिकाणी ते मिळतं असंही नाही. काही जागी वरचा भूपट्ट खाली जाणाऱ्याच्या पाठीवरचा ताजा गाळ खरवडून काठाशीच साठवून ठेवतो. तिथल्या लाव्ह्यात बेरिलियम-१० जवळजवळ नसतंच.